रोशा डोंगर उतरला तेव्हा

मला कुणी विचारलं, "आजी, तुम्हाला जन्मात सगळ्यात जास्त आनंद कधी झाला?" तर विचारणाऱ्याला वाटतं मी लग्नाचं सांगीन, नाहीतर पहिल्या लेकराचं. छट्! लग्नात मला ताप भरला होता आणि पहिल्या लेकरानं रडून रडून मला अर्धी केली. मला खरा आनंद झाला तो गवताचं एक पान चुरगाळून हुंगल्यावर. हसा खुशाल. पण आधी ऐका, मंग हसा.

माझं माहेर परतूरजवळचं. सपाट काळं रान, कापूस आणि ज्वारी, आणि कुत्र्याला मारायला एक धोंडा सापडायचा नाही. सासर मिळालं ते थेट धावड्याचं, भोकरदन तालुक्याच्या टोकाला, डोंगराला टेकलेलं. हैदराबाद संस्थानातले दिवस ते. रझाकारांची गडबड अजून कुणाच्या स्वप्नातसुद्धा नव्हती. मी नांदायला गेले ती दसऱ्याच्या सुमाराला. बैलगाडी डोंगराकडे वळली आणि गाव दिसायच्या आधी वास आला. गुलाबाचा! मी पदराआडून ह्यांना म्हणलं, "अगंबाई, माझ्यासाठी रस्त्यावर गुलाबपाणी शिंपडलं का काय?" हे इतके हसले की कासरा हातातून सुटला.

"गुलाब कुठला आलाय इथं," म्हणले, "आत्याची भट्टी चालू हाय. गवत शिजून राह्यलंय."

गवत! गुलाबाच्या वासाचं गवत! गवताला गवताचा वास असतो हे मला ठाऊक होतं, पण हे काहीतरी भलतंच होतं. त्या क्षणापासून मी त्या गवताच्या मागे लागले म्हणा, किंवा ते माझ्या मागे लागलं म्हणा.

त्याला रोशा म्हणतात. डोंगराच्या उतारावर आपोआप उगवतो, कुणी पेरत नाही, कुणी पाणी घालत नाही. पुरुषभर वाढतो आणि नवरात्राच्या आगेमागे तुरे काढतो. तुऱ्यावर आला की कापायचा, तांब्याच्या भल्यामोठ्या हंड्यात पाण्याबरोबर कोंबायचा, हंड्याचं तोंड चिकणमातीनं लिंपायचं आणि खाली जाळ घालायचा. त्या हंड्याला डेग म्हणायचे. वाफ बांबूच्या नळीतून ओढ्याच्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरायची, थंड व्हायची, आणि पाण्यावर पिवळसर तेल तरंगायचं. ते तेल अत्तारवाले घेऊन जायचे.

ही भट्टी चालवायची ती ह्यांची आत्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. मला सासू नव्हती, ती आधीच गेलेली. त्यामुळं आत्याच माझी सासू. अंगानं नुसती काडी, पण आवाज असा की ओढ्यापल्याड चरणारी म्हैस मान वर करायची. तिचा नवरा फार लवकर गेला आणि ती माहेरी परत आली. तेव्हा भट्टीवर अत्तारवाल्यांचीच माणसं असायची. ही आधी जाळ घालायला बसली, मंग डेग भरायला लागली आणि होता होता त्यांचीच उस्ताद झाली. गावात लग्न असलं की तिला कुणी पुढं येऊ द्यायचं नाही, हळदीला हात लावू द्यायचं नाही. पण हंगामाच्या तेलाचा पहिला थेंब पडायचा तो तिच्या मनगटावर. ती डोळे मिटून हुंगायची आणि सगळे बाप्ये, माझे सासरेसुद्धा, तिच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. ती "बराबर" म्हणली की मगच पुढची डेग चढायची.

एकदा भाकरी थापता थापता मला म्हणाली, "भट्टी हाय तंवर मला किंमत हाय, पोरी. भट्टी विझली की मी कोपऱ्यातली रांडमुंड." ती रडत नव्हती, भाकरी फुगली का बघत होती. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते धुरावर ढकललं.

आता रोशाची खरी गंमत सांगते. तो दोन तऱ्हेचा. उघड्या मुरमाड उतारावर, रखरखत्या उन्हात उगवतो तो मोतिया. गुलाबाचा वास त्याचा. आणि टेकाडाच्या पायथ्याला एक लवण होती, म्हणजे पाणी साचून राहायचं अशी खोलगट जागा, तिथं दाटीनं उगवायचा तो सोफिया. त्याला वास आल्याचा, उग्र, नाकात झोंबणारा. मोतियाचं तेल अत्तारवाले लेकरासारखं जपून न्यायचे. सोफियाला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं, फार तर म्हातारी माणसं गुडघ्याला चोळायची. नवख्याला दोन्ही गवतं सारखीच दिसायची. आत्या मात्र लांबूनच सांगायची की निळसर आणि दांड्यापासून आडवं फुटलेलं पान मोतियाचं, हिरवंगार आणि वर उभं राहिलेलं सोफियाचं.

दोघांत हा फरक का, याचं गावाकडं उत्तर तयार होतं. "एकाच आईची दोन लेकरं. एक उन्हात वाढलं, एक पाण्यात लोळलं." माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामंजींना, म्हणींचा भारी नाद. ते म्हणायचे, "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. मोतिया लवणीत उतरला की त्याचा सोफिया झालाच समजा." जालन्याहून दरसाल एक अत्तारवाले चाचा तेल न्यायला यायचे, पांढरी दाढी, कानात अत्तराचा फाया. तेही मान डोलवायचे. "हौ ना! मिट्टी का असर है. मोतिया कू नीचे उतारे तो बिगड जाता."

मला ते ऐकून राग यायचा. का, तर मी स्वतः खालची! काळ्या मातीतून वर आलेली. माझी भाकरी जाड झाली की ऐकून घ्यायचं, मोठ्यानं हसले की ऐकून घ्यायचं. "असू द्या, खालची हाय. इथलं पाणी लागलं की सुधरंल." मी मनात म्हणायची, मी काय सोफिया आहे का रे?

अशी काही वर्षं गेली. एका हंगामात चाचा तेल न्यायला आले ते बातमी घेऊनच. आमच्या टेकाडासकट डोंगराचा तो सगळा भाग राखीव जंगलात जाणार, आणखी दोन हंगाम गवत कापता येईल, मंग बंदी. मामंजींनी रातोरात नव्हे पण दोन-चार दिवसांत मन पक्कं केलं. परतूरजवळ दुधना नदीच्या अंगाला त्यांचं आजोळाकडून आलेलं रान होतं, माझ्या भावांनी बटईनं केलेलं. त्याच रानामुळं तर आमची सोयरीक जुळली होती. "बंदी आली की सगळे तिकडं जाऊ," ते म्हणाले.

"सगळे म्हंजी तुम्ही," आत्या म्हणाली. "मी न्हाई येत."

"इथं एकटी ऱ्हाऊन काय करशील, अक्का?"

"मरन. तिथं येऊन तरी काय करू? कापूस येचू?"

मामंजी तसे मायाळू. बहिणीपुढं त्यांचं काही चालायचं नाही. दोन दिवस विचार करून त्यांनी तोड काढली. "हे बघ अक्का. तिकडं रोशा लावून बघू. खाली मोतियाचा वास धरला, तर दुधनेच्या काठी तुझी भट्टी मांडून देतो, माझा शब्द. पण वास बिघडला, तर डेग तांबटाला देऊन टाकायची आन् तू गुमान आमच्यासंगं यायचं."

आत्यानं डेगीकडं बघितलं आणि होकाराची मान हलवली. तिच्या सगळ्या जिंदगीचा सौदा एका गवताच्या वासावर आला होता.

मार्गशीर्षात भट्टी थंडावल्यावर आम्ही बी गोळा करायला गेलो. टेकाड तर कापून कापून बोडकं झालेलं. पण खाली लवणीत तुरे उभे होते, पिकलेलं बी वाऱ्यावर डुलत होतं. "बी काय, एकाच आईचं," आत्या म्हणाली. "जागा तेवढी नीट बघून पेरायची. मोतिया व्हायला उतार पायजे." मी पदर खोचून भराभर ओरबाडलं. जल्दी काम झालं म्हणून सगळे खूश! पावसाळ्यात माझ्या भावानं आमच्या रानातल्या नाल्याच्या चढावर, चांगली मुरमाड उन्हाची जागा बघून, ते बी पेरलं. उगवलंही झकास.

पुढच्या आश्विनात भाऊ त्याची पेंढी घेऊन धावड्याला आला. आत्या ओढ्यावर होती. तिनं हात पुसले, एक पान घेतलं, चुरगाळलं आणि नाकाशी नेलं. आम्ही सगळे उभे. तिनं डोळे उघडले.

"आलं," एवढंच म्हणाली.

मी पान हुंगलं. आल्याचाच वास. उग्र, झोंबणारा. सोफिया, बिलकुल सोफिया! मामंजी खाली बघत म्हणाले, "मातीनं खाल्लं, अक्का. मिट्टीपुढं कुणाचं चालतं?" आत्यानं भावाला चहा-पाणी विचारलं, जेवू घातलं. तो हंगाम तिनं पुरा चालवला, पण तेल मनगटावर घेणं बंद केलं. चाचांच्याच माणसाला म्हणायची, "तूच बघ." मला ते बघवत नव्हतं. मला सगळ्यांचा राग आला होता, मातीचा, माझ्या माहेराचा, माझासुद्धा.

त्याच रागात एक दिवस मी कालवणाला दोडके तोडायला कुंपणाशी गेले. वेलावर सगळ्यात मोठा, लांबसडक दोडका लोंबत होता. मी हात घातला तोच मागून आवाज आला, "ए, त्याला हात लावू नको! चिंधी दिसत न्हाई का?"

दोडक्याच्या देठाला लाल चिंधी बांधलेली होती. ही आपल्याकडची रीत सगळ्या बायांना ठाऊक आहे. वेलावरचा सगळ्यात चांगला दोडका बियाला राखायचा आणि पोरांनी तोडू नये म्हणून त्याला चिंधी बांधायची.

"बियाला राखलाय," आत्या म्हणाली. "चांगला व्हता म्हणून राखला. वाकडेतिकडे राखले तर पुढच्या साली वाकडेच खाशील."

मी तिथंच थांबले. हात वेलावर तसाच. डोक्यात काहीतरी खाडकन उघडलं.

"आत्या," मी म्हणलं, "रोशाला चिंधी कुणी बांधली?"

"काय बडबडून राह्यलीस?"

"अवो आत्या, ऐका! आपण दरसाल कापतो कोणता? मोतिया. कधी? तुऱ्यावर आला की, बी धरायच्या आधी. टेकाडावर एक काडी शिल्लक ठेवत न्हाई आपण. मंग बी धरतो कोण? ज्याला कुणी इळा लावत न्हाई तो! आपण बी कुठून आणलं? लवणीतून. आपण सोफियाच पेरला, आत्या! सोफियाच पेरला आन् सोफियाच उगवला! मातीनं काय केलं त्याच्यात? मातीवर आळ घेतला आपण!"

आत्या कुंपणाच्या धोंड्यावर बसली. तिच्या तोंडाचा रंग गेला आणि परत आला. "आरं देवा," ती म्हणाली. "दोडक्याला चिंधी बांधते दरसाल. आन् माझ्या रोशाला..." पुढं तिला हसूच आवरेना. हसता हसता तिनं मला पाठीत असा धपाटा घातला की माझ्या ओच्यातले दोडके खाली सांडले. "पळ! आधी तुझ्या मामंजीला सांग!"

मी पळाले. डोक्यावरचा पदर कुठं पडला मला कळलं नाही. सासऱ्यांसमोर मी कधी तोंड उघडलेलं नव्हतं, काय सांगायचं ते आत्याकडून. त्या दिवशी त्यांच्या पुढ्यात उभी राहून मी सगळं धाडधाड सांगून टाकलं. मामंजी आधी माझ्या डोक्याकडं बघत राहिले, मंग म्हणाले, "उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. एवढे जाणते लोक, एवढे अत्तारवाले, सगळे काय येडे? ढवळ्याशेजारी पवळ्या..."

"मामंजी," मी म्हणलं, "तीच म्हण पुरी बघा ना. गुण लागला म्हणतात, पण वाण लागला न्हाई म्हणतात. मंग वास हा वाण असला तर?"

बाजूला बसलेल्या ह्यांना जोराचा खोकला आला.  मामंजींनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "खालची पोरगी वर येऊन फारच बोलायला लागली." पण आवाजात राग नव्हता. "बघा करून. शेवटचाच हंगाम हाय पुढं."

मंग काय विचारता! कार्तिकातले ते दिवस मी विसरणार नाही. आत्या पुढं, मी मागं, कमरेला चिंध्यांचं गाठोडं आणि काखेत चुन्यानं पांढरे केलेले धोंडे. टेकाडावर जिथं कुठं कपारीत इळ्यातून वाचलेला एखादा ठोंब असेल तो शोधायचा, पान चुरगाळायचं, हुंगायचं, पटला तर चिंधी बांधायची आणि बुडाशी धोंडा ठेवायचा. उन्हाळ्यात वणवा आला तर चिंधी जळेल, धोंडा राहील. नाक इतकं तयार झालं की मला वाटायला लागलं, मला आधी नाकच नव्हतं.

आणि काय काय कळलं म्हणता! टेकाडाच्या माथ्यावर, जिथं नुसता खडक आणि वारा, तिथला मोतिया सगळ्यात गोड. खाली खाली यावं तसा वास बदलत जायचा. उतार संपून लवण सुरू व्हायची त्या मधल्या पट्ट्यात तर मजाच होती. तिथं काही ठोंबांना गुलाबात आलं मिसळल्यासारखा दोन्हींचा वास. पानंही ना धड आडवी, ना धड उभी. "हे मिसळलेलं," आत्या म्हणाली. "वारा इकडचं तिकडं नेतोय." मंग ओढ्यापलीकडच्या एकट्या सुळक्यावर गेलो. त्याच्या आसपास लवण नाही, सोफिया नाही. तिथला प्रत्येक ठोंब स्वच्छ मोतिया, एकसुद्धा मिसळलेला नाही! पण त्याची गोडी आमच्या टेकाडाहून निराळी, जरा लिंबाकडे झुकणारी. आत्या तर नाचायचीच बाकी होती. "बारा कोसांवर भाषा बदलती म्हणतात. हिथं तर एका हाकेवर बदलून राह्यली!"

आता शिकलेली नातवंडं मला जनुकं म्हणून काही सांगतात. डोंगर, पाणी, ऊन, वारा हे पिढ्यान् पिढ्या चाळत राहतात, जिथं जे टिकेल ते उरतं आणि मंग ते बियात उतरतं, असं म्हणतात. बराबर आहे. पण आम्ही ते हुंगत हुंगत चाललो होतो, पायांत काटे मोडत, आणि दोघी अशा खिदळत होतो की गुराख्यांना वाटलं बायांना काही लागिर झालं.

आषाढात जमीन मऊ झाली तेव्हा धोंडे बघून बघून ठोंब मुळासकट खणले. बियाचा भरवसा आता कुणालाच नव्हता. मोतियाचे एका ओल्या पोत्यात, लवणीतल्या सोफियाचे दुसऱ्यात. सोफिया कशाला, असं ह्यांनी विचारलं. मी म्हणलं, "दोघांनाही एकाच रानात शेजारी लावायचं. माती वास बदलत असेल तर दोघं सारखे होतील. न्हाई बदलत, तर दोघं आपापलं धरून राहतील." हे म्हणाले, "तू शाळेत मास्तर व्हायला पायजे होतीस." माझी शाळा चौथीत सुटलेली, पण मी मान ताठ केली. आत्यानं मात्र स्वतःच्या मनानं आणखी एक केलं. टेकाडाच्या माथ्यावर सोफियाचा एक ठोंब नेऊन लावला आणि लवणीत मोतियाचा एक. बोलली नाही कुणाला.

जालन्याहून आम्ही दोघं आगगाडीत बसलो. डबा भरलेला, पोती पायाशी. गाडी हलली आणि पोत्यांतून वास उठला. एक शेठ विचारतो, अत्तर कुणी सांडलं? एक बाई म्हणते, छे, आलं हाय कुणाकडं तरी. दोघांचं भांडण लागलं की हो! गुलाब का आलं! मी पदरात तोंड घालून हसतेय आणि हे खिडकीबाहेर बघत "आमचा काही संबंध न्हाई" असा चेहरा करून बसलेले. परतूर येईपर्यंत निम्मा डबा हुंगत होता.

आमच्या रानात दोन जागा निवडल्या. एक नाल्याच्या चढावरची मुरमाड, दुसरी सपाट, गच्च काळी, बांधाशेजारची. दोन्हीकडं मोतिया आणि सोफिया शेजारी शेजारी लावले. मी माहेरी राहून रोज सकाळी बघायला जायची. पान चुरगाळायचं नाही, असं आत्यानं बजावलेलं. "तुरा येऊ दे. कच्चं हुंगून मन बिघडवून घेऊ नको." मी हात पाठीमागं बांधून फिरायची. आई म्हणायची, "पोरीला देवी प्रसन्न झाली का काय, गवताला प्रदक्षिणा घालती."

पण भादव्यात माझा धीर सुटायला लागला. चढावरचा मोतिया ठीक होता, निळसर, आटोपशीर. काळ्या मातीतला मात्र सुटला! उंच वाढला, पानं रुंद, हिरवीगार, अंगानं लोळायला लागला. शेजारच्या सोफियाला आणि त्याला वेगळं ओळखता येईना. लावताना खुणेचे धोंडे ठेवले नसते तर मीच चुकले असते. मामंजींचा शब्द कानात वाजायला लागला, मातीनं खाल्लं. आणि मला डोळ्यांसमोर दिसायला लागली ती तांबटाच्या दारातली डेग आणि परतूरच्या घरात कोपऱ्यात बसलेली आत्या.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तुरे उघडले. हे धावड्याहून मला न्यायला आले होते. आम्ही दोघं काळ्या रानात गेलो.  मी मोतियाच्या बाजूचं एक पान तोडलं, चुरगाळलं आणि डोळे गच्च मिटून नाकाशी नेलं.

गुलाब!

आई शप्पथ सांगते, गुलाब! मी किंचाळले. शेजारच्या रानातली माणसं काठ्या घेऊन धावत आली, त्यांना वाटलं साप निघाला. मी त्यांनाही पानं हुंगायला दिली! मंग सोफियाचं तोडलं. आलं. चढावरचा मोतिया, गुलाब. चढावरचा सोफिया, आलं. मातीनं त्याला उंच केलं, रुंद केलं, लोळवलं, अंगावर जे करायचं ते सगळं केलं, पण वासाला बोट लावता आलं नव्हतं तिला. मी तिथंच ढेकळांत बसून रडले आणि हसले, आणि हे माझ्याकडं बघत नुसते, "अगं, हो, अगं, हो," करत राहिले. तोच तो आनंद. सुरुवातीला सांगितला तो.

काळ्या रानातला मोतिया तेवढा कापून भारे बांधले आणि धावड्याला आलो. बंदीला थोडेच दिवस राहिले होते. चाचा शेवटचा माल न्यायला येऊन बसलेले. मी आत्याला काही सांगितलं नाही, नुसतं म्हणलं, "ही एक डेग चढवा." तिनं माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं आणि काही न विचारता जाळ घातला. काळ्या मातीतल्या गवतात तेल कमी निघतं, हे मात्र खरं. नळीतून बराच वेळ नुसतं पाणीच उतरलं. मंग पिवळी चकती तरंगली.

आत्यानं गेल्या हंगामापासून पुढं न केलेलं मनगट पुढं केलं. थेंब पडला. तिनं डोळे मिटले. मामंजी उभे, हे उभे, मी श्वास धरून.  चाचांना धीर धरवेना, त्यांनी बोट बुडवून हुंगलं आणि म्हणाले, "वा! येच टेकाड का माल. इसकू बोलते मोतिया."

"चाचा," मी म्हणलं, "टेकाडाचा न्हाई. परतूरच्या काळ्या रानातला हाय."

चाचांनी परत हुंगलं. माझ्याकडं बघितलं, मामंजींकडं बघितलं, परत हुंगलं. "तोबा," म्हणाले. "सारी उमर मई गलत बोला."

आत्यानं डोळे उघडले. ते भरलेले होते. "मी बी बघितलं," ती हळू म्हणाली. "लवणीतला माझा मोतिया. परवा हुंगला. गुलाबच हाय. माथ्यावरचा सोफिया, तिथं उन्हात बसून आलंच हाय." म्हणजे तिला आधीच ठाऊक झालं होतं! पण खालून खबर येईपर्यंत तिनं ओठ उघडले नव्हते.

मामंजींनी घसा साफ केला. "माझा शब्द हाय, अक्का. दुधनेच्या काठी भट्टी मांडू. दिवाळी झाली की गाडी जुंपतो. डेग घे, चार लुगडी घे आन् चल."

आत्या उठली. भट्टीच्या चुलीचे दगड वर्षानुवर्षांच्या जाळानं काळेकुळकुळीत झालेले, तिच्या बसायच्या जागेचा धोंडा बसून बसून गुळगुळीत झालेला. तिनं त्या धोंड्यावर हात ठेवला.

"डेग आन् लुगडी नेलीत तर ते वरनं कापून नेल्यासारखं व्हईल, बाबा," ती म्हणाली. "रोशाला नेलं तसं मला न्या. मुळासकट."

मामंजींना या वेळी कुठलीच म्हण आठवली नाही. ते ओसरीवर गेले, पहार घेऊन आले, आणि आत्याचा बसायचा धोंडा स्वतःच खणायला लागले.